स्टिकरखालचा नंबर

दादा,

वर्षभर तुझा फोन नव्हता आणि त्या सकाळी तू विचारलंस, "इतिहासाच्या उत्तरपत्रिकांचा गठ्ठा मिळाला का गं?" बोर्डात गठ्ठे तूच वाटतोस, म्हणून तेव्हाच मनात पाल चुकचुकली.

गठ्ठा उघडला. नंबरावर स्टिकर होता, पण अक्षर मीच गिरवून घेतलेलं, माझ्या भाचीचं, तुझ्या लेकीचं. मी मनातल्या मनात एक्क्याण्णव गुण दिले आणि पेनाला हात न लावता पेपर मुख्य परीक्षकांना परत केला. "घरातलाच आहे," एवढंच म्हणाले. त्यांनी तो दुसऱ्याकडे दिला.

आज निकाल लागला. तिला चौऱ्याऐंशी पडले. तू खुशीत फोन केलास, पण गठ्ठ्याबद्दल चकार शब्द काढला नाहीस. तुझ्यावरचा संशय अजून फिटलेला नाही. पण माझ्या एक्क्याण्णवातले ते वरचे सात गुण तू मागितले नव्हतेस रे. ते माझेच होते.

तुझी धाकटी