हात पोचू नये इतकं वर

ता. ४ फेब्रुवारी

चि. पट्टीस अनेक आशीर्वाद. वि. वि.

तुझ्या बापाने फोनवर सांगितलं की तुमच्या ऑफिसात मशीन आलंय आणि बारा जणांचे तिघं उरलेत. मशीनला म्हणे नुसतं सांगायचं, झोपायची खोली काढ, की चहा निवायच्या आत सजवलेल्या खोलीचं चित्र तयार. मग हिला पगार कशाचा देतात, असं मी विचारलं, तर त्याने फोन ठेवला. लहानपणापासून असाच आहे तो.

तू सात वर्षांची असल्यापासून आजोबांची पट्टी घेऊन घरभर मापं काढत हिंडायचीस. माझ्या कमरेचंही घेतलंस आणि चार बायकांसमोर मोठ्याने वाचलंस. सुतारकाम करता करता त्यांनी तुला शिकवलं, ते आता नाहीत, म्हणून कोणा डबड्याच्या हाती सगळं देऊन मोकळी होऊ नकोस. खरं काय ते लिही. माझे डोळे बरे आहेत. गुडघ्यांचं विचारू नकोस.

लोभ आहेच, उत्तराचा आळस नको.
तुझी आजी

ता. ११ फेब्रुवारी

ती. आजीस शि. सा. न. वि. वि.

बाबांनी सांगितलं ते खरं आहे. ऑफिसची चौदा वर्षांची ड्रॉइंग मशीनला खाऊ घातली, त्यात निम्म्याहून जास्त माझी. आता ते माझ्यासारखंच काढतं. माझे फिके रंग, खिडकीपाशी मी रिकामी ठेवते ती जागा, सगळं. आपल्याच चालीने कोणी आपल्यामागून येतंय असं वाटतं.

पण एक भानगड झालीय. आजोबा प्रत्येक कपाटाचं हँडल खांद्याच्याही वर लावायचे, आणि ओट्याखाली दार करायचेच नाहीत, उघडे कप्पे ठेवायचे. मी तेच देखणं समजून गिरवत आले. माझं गिऱ्हाईक समोर असायचं, त्याचा हात पोचतो का बघून मी काम चालू असताना जरा खाली घ्यायचे. मशीनसमोर कोणी नसतं. ते सरसकट सगळ्यांची हँडलं वर चढवतंय. तशी नऊ घरं बांधून झाली, आणि लोक टाचा उंच करून वैतागलेत. हे खूळ कुठून शिरलं, असं साहेब विचारतात. आजी, आजोबा असं का करायचे?

तुझा आशीर्वाद असू दे.
तुझी पट्टी

ता. १८ फेब्रुवारी

चि. पट्टीस आशीर्वाद. वि. वि.

तुझे आजोबा सहा फुटांचे होते. उंच माणसाला उंचच सुचतं. यात विचारण्यासारखं काही नाही. गेलेल्या माणसाच्या सवयी उकरत बसण्यापेक्षा वेळेवर जेवत जा, मागच्या फोटोत गालफडं बसलेली दिसली.

हा विषय पुन्हा काढू नकोस. बाकी क्षेम.
आजी

ता. २४ फेब्रुवारी

ती. आजीस शि. सा. न. वि. वि.

रागावलीस तरी पुन्हा काढते, कारण माझी नोकरी त्यावर अडलीय. तशी हँडलं असलेली माझी दोनशे चौदा ड्रॉइंग निघाली. त्या प्रत्येकावर 'चूक' असं बटण दाबायचं, म्हणजे मशीन ते विसरेल. दहा मार्चपर्यंत दाबलं तर मी मशीनवर देखरेख करायला राहीन, नाहीतर घरी. दोनशे चौदा वेळा आजोबांना चूक म्हणायचं आहे. असेल चूक तर म्हणेन. पण आधी मला कळायला हवं.

परवा त्या नऊ घरांपैकी एकात गेले होते. माणसं अजून राहायला यायची होती. रिकाम्या स्वयंपाकघरात उभी राहिले, तर सगळं कसं वर उचलून धरल्यासारखं. जणू खाली कोणीतरी आहे आणि त्याच्या हाती काही लागू नये म्हणून ही सगळी धडपड. आजी, मी खाली वळून बघितलं.

तुझी पट्टी

ता. २ मार्च

चि. पट्टीस आशीर्वाद. वि. वि.

तू खाली वळून बघितलंस हे वाचलं आणि पत्र दोन दिवस उशीखाली ठेवलं. आता लिहिते. एकदाच लिहीन.

तुझ्या बापाच्या आधी मला एक मुलगी झाली होती. त्याला ठाऊक नाही. कुठेही शिरायची म्हणून तिला मुंगी म्हणायचो. मी ही अशी ठेंगणी. हात पोचत नाही म्हणून मी तुझ्या आजोबांमागे भुणभुण लावली, तेव्हा त्यांनी माझ्या मापाचं बुटकं कपाट करून दिलं. हँडल माझ्या कमरेला यायचं. त्यांची पॉलिशची बाटली कामाच्या बाकावर लवंडायची, म्हणून मीच ती उचलून त्या कपाटात ठेवली. मुंगी तीन वर्षांची. ते हँडल तिच्या नाकाशी यायचं. मी बाहेर कपडे वाळत घालत होते. एक चादर पिळायला वेळ लागला. आत आले तर बाटली अर्धी झालेली. पॉलिशचा रंग सरबतासारखा असतो. संध्याकाळपर्यंत होती.

आजोबांनी ते कपाट फोडून जाळलं. पुढे त्यांच्या हातून एकही हँडल खाली लागलं नाही, ओट्याखाली दारही नाही. गिऱ्हाइकं हसायची, काही तुटली. मी पन्नास वर्षं स्टुलावर चढून डबे काढले. या माणसाने मला एका शब्दाने बोल लावला नाही. लावला असता तर भांडता तरी आलं असतं. ते दोष मला देत होते, स्वतःला देत होते, की नुसते घाबरले होते, ते मी विचारलं नाही. उत्तर येईल म्हणून विचारलं नाही.

तर हे असं आहे. चूक म्हण नाहीतर नको म्हणू. पण आमच्यापायी नोकरी घालवू नकोस. आम्हा दोघांपैकी एकाने तरी तेव्हाच बोलायला हवं होतं, ते आता तुझ्या बटणाने भरून निघत नाही.

आजी

ता. १२ मार्च

ती. आजीस शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र ऑफिसच्या जिन्यात बसून वाचलं. दुसऱ्या दिवशी रजा टाकली आणि पट्टी घेऊन त्या नऊ घरांत फिरले. चार घरांत रांगती, धावती पोरं आहेत. त्यांच्या आईबापांना एवढंच सांगितलं की एका घरात असं झालं होतं. कोणाच्या ते नाही सांगितलं. एकीने उठून ओट्याखालचं फिनेल वर ठेवलं आणि हँडलं आहेत तिथेच राहू देत असं सांगितलं. उरलेल्या पाच घरांत मी प्रत्येकाला हात वर करायला लावला, कुठे दुखतं ते विचारलं आणि हँडलं खाली घ्यायची मापं दिली.

मग साहेबांना सांगितलं की हे चूक नाही आणि बरोबरही नाही, घरात कोण राहतं ते विचारल्याशिवाय काहीच म्हणता येत नाही. ते म्हणाले, मशीनला असं बटण नाही. वाईट नाहीत ते. त्यांनाही धंदा चालवायचाय. मी बटण दाबलं नाही. परवा त्यांनी नोकरी संपल्याचा कागद हातात दिला. उरलेल्या दोघांपैकी कोणीतरी आता ते काम करेल, आणि आठवड्याभरात मुंगी मशीनमधून पुसली जाईल.

मी एकटीने कामं घेणार आहे. चित्र फुकट मिळत असताना माझ्याकडे कोण येईल, माहीत नाही. सध्या दोन घरं आहेत. पण पहिलं काम तुझं. मी येते, तुझ्या हाताचं माप घेते आणि तुझी सगळी हँडलं खाली आणते. खूप चढलीस स्टुलावर.

तुझी पट्टी

ता. २० मार्च

चि. पट्टीस अनेक आशीर्वाद. वि. वि.

नोकरी घालवलीस, छान केलंस असं मी म्हणणार नाही. दोन घरांवर किती महिने निघतात ते तुला उन्हाळ्यापर्यंत कळेल. बापाला मी सांगीन. मुंगीचंही मीच सांगीन, तू मधे पडू नकोस. मशीनमधून ती गेली तर जाऊ दे. तिथे तिला ओळखणारं कोण होतं.

तू घरोघर जाऊन विचारलंस, म्हणून तुलाही सरळ उत्तर देते. जरूर ये. आठ दिवस राहा. पण माझ्या हँडलांना हात लावायचा नाही. घरात लहान कोणी नाही, हे मला दिसतंय, मी आंधळी नाही झाले. ती वर आहेत तोवर मला स्टूल ओढावं लागतं, गुडघे रडतात, म्हणून मी कामापुरतंच उघडते. खाली आणलीस तर जाता-येता हाताला लागतील. हाताला लागलं की मी उघडून बघणार, ती पॉलिशची बाटली भरलेली आहे ना. आणि एकदा बघून माझं भागायचं नाही.

येताना गाडीत झोपू नकोस, सामान सांभाळ. माया आहे तशीच असू दे.

तुझी आजी