जीनवर बसलेले सर

१८ नोव्हेंबर
चंद्रपूरच्या विज्ञान-नाट्य स्पर्धेत आमच्या मूल गावच्या कॉलेजचं नाटक. विषय मीच दिला: जीन कसा चालू होतो. बायोलॉजीचा मास्तर मी एकटाच, तेव्हा लेखक, दिग्दर्शक आणि हिरोही मीच. हिरो म्हणजे अॅक्टिव्हेटर प्रोटीन. जीनची कॉपी काढणारा पॉलिमरेज नुसता घुटमळत असतो. अॅक्टिव्हेटर डीएनएला चिकटतो, त्याला ओढून जागेवर बसवतो, आणि काम सुरू. थोडक्यात, माझं चरित्रच. यंदा ढाल आली नाही तर प्राचार्य नाटक कायमचं बंद करणार आहेत. चिंता नाही.

२० नोव्हेंबर
पॉलिमरेज: निकेश. जीन: वर्गातला बाक. आपल्या झाडीपट्टीच्या नाटकांत उद्घाटकाच्या भाषणाशिवाय पडदा उघडत नाही, म्हणून तालमीचं उद्घाटनही मीच केलं. बोलता बोलता पिरियड संपला. पाया मजबूत झाला.

२३ नोव्हेंबर
उद्घाटन पुढे चालू. निकेश ताटकळला, कारण त्याच्या बाकावर मी बसलो होतो. दिव्यानीनं मध्येच विचारलं, सर, आमाले बोलाले कवा भेटन जी? गुणी पोरगी, पण उतावळी.

२७ नोव्हेंबर
संकल्प: उद्यापासून भाषण अगदी थोडक्यात.

२८ नोव्हेंबर
मोडला. माझा दोष नाही, मुलांचे चेहरे फार जिज्ञासू दिसले. रश्मी म्हणाली, अहो, लेकरायले करू द्या न जी. नवऱ्याची कदर घरात होत नाही, हेच खरं.

१ डिसेंबर
ट्रेनिंगसाठी अहेरीला. माझ्याविना तालीम ठप्प. अॅक्टिव्हेटर नसेल तर जीन काय करणार बिचारा? बसमध्ये मुलांची कीव आली.

५ डिसेंबर
परतलो. नाटक बसलंय. चांगलं बसलंय. वाईट वाटलं, खोटं कशाला लिहू?

अॅक्टिव्हेटर आता दिव्यानी. दोन वाक्यं बोलते, निकेशला ओढते, काम सुरू. माझ्यासाठी मुलांनी नवी भूमिका लिहिली आहे: रिप्रेसर. हेही प्रोटीनच, पण जीनवर ठाण मांडून बसणारं. तो उठेपर्यंत पॉलिमरेजला पुढे सरकता येत नाही. दुधातली साखर, म्हणजे लॅक्टोज, येऊन चिकटली, की जागा सोडतो. साखर म्हणजे वर्गातली रीता. ती मला दुधाचा चहा देणार, मी उठून विंगेत जाणार. सायन्स चोख आहे, बोलायला जागाच नाही.

तरी म्हटलं, ही भूमिका माझ्या स्वभावाविरुद्ध आहे. दिव्यानी म्हणाली, सर, हे तुमालेच जमते जी. अभिनयाचा कस लागतो, असं म्हणायचं असावं. होकार दिला.

९ डिसेंबर, चंद्रपूर
पडदा उघडला. बाकावर बसून उद्घाटनाचं भाषण सुरू केलं. रंगात आलो, तेवढ्यात चहा आला. उठलो. नाटकातली सगळ्यात मोठी टाळी तेव्हा पडली.

ढाल आली! परीक्षकांनी निकेशला विचारलं, रिप्रेसर इतका हुबेहूब, तालीम किती केली? निकेश म्हणाला, सर त पहिल्या दिवसापासून हेच करून राह्यले होते जी. सगळे हसले. नाटक बघायला आलेली रश्मी सगळ्यात जास्त.

परतताना ढाल माझ्या मांडीवर. नाटक वाचलं, डोळे भरून आले. यशामागचा अॅक्टिव्हेटर कोण, हे मुलांना नीट समजावून सांगायला गाडीत उभा राहिलो.

रीतानं चहाचा थर्मास उघडला.