कान्हूचं बेट आणि आपली खांड

रा. रा. दत्तात्रेय भावजी यांस,

खाडीकाठावरून तुमच्या गोदूवहिनीचा आशीर्वाद. इकडे सगळे बरे आहोत. माझा गुडघा सोडला तर घरात कुणी कुरकुरत नाही, आणि गुडघाही मी रागावले की गप्प बसतो. तुमचा खोकला कसा आहे? रंभाला म्हणावं, अडुळशाचा काढा देताना तुमच्यासमोर उभी राहा, नाहीतर तुम्ही तो तुळशीला घालता आणि तुळस तेवढी ठणठणीत होते. (पत्र सरू लिहिते आहे. सून शिकलेली असली की सासूला जपून बोलावं लागतं, कारण बोललेलं कागदावर राहतं. मी तिला बजावलं आहे की मी म्हणेन तेच लिहायचं, सुधारायचं नाही. ती 'व्हय' म्हणाली, पण तिचं 'व्हय' मला माहीत आहे.)

तुमचं पत्र पोचलं. सरूने ते दोनदा वाचून दाखवलं, कारण पहिल्या वेळी माझा विश्वास बसला नाही. तुम्ही लिहिता की यंदा जोळीला रोह्याहून कुणी येणार नाही, कारण तुमच्या कान्हूच्या मते आता बांधाची गरजच उरली नाही. खाडीच्या तोंडाशी नवी जमीन तयार होते आहे, समुद्र आपोआप मागे सरेल, निसर्गाच्या कामात माणसाने फावडं घालू नये. भावजी, वाक्य फार छान आहे. फक्त ते तुम्ही रोह्याला पंख्याखाली बसून लिहिलंत, आणि इथे आपल्या शेतासमोरच्या बांधाला खांड पडली आहे. श्रावणात त्यातून खेकडा जात होता, आता कुत्रा जातो. आत तुमचं नि आमचं भात पोटरीतून बाहेर येऊन पिवळं व्हायला लागलंय. दिवाळीच्या अमावास्येला उधाण येईल तेव्हा खांडीतून म्हैस जाईल, आणि म्हशीमागून सगळी खाडी. खारं पाणी एकदा आत शिरलं की हे पीक तर गेलंच, पुढची दोन-तीन वर्षंही शेतात मीठच पिकणार.

म्हणून अमावास्येच्या आधीच्या रविवारी जोळ धरली आहे. तुम्ही गाव सोडून बरीच वर्षं झाली, म्हणून आठवण करून देते: जोळ म्हणजे बांधाखाली ज्याची ज्याची जमीन, त्याच्या घरचं एक माणूस फावडं-घमेलं घेऊन चिखलात. ज्याचं माणूस येत नाही, त्याच्या वाट्याचा बांध तसाच राहतो. गुणाजी बांधावरचा म्होरक्या आहे, तो कुणाचं ऐकत नाही. आमच्या वाट्याला माझा विठू येतोय, कंपनीतली शिफ्ट बदलून घेतली आहे त्याने. खांड मात्र पडली आहे बरोब्बर तुमच्या वाट्यावर. पाणी काही आत शिरून विचारणार नाही की बाबांनो, दत्तात्रेयाचं शेत कुठलं आणि वहिनीचं कुठलं.

आता तुम्ही म्हणाल, वहिनी अडाणी, तिला कान्हूचं ज्ञान काय कळणार. तर ऐका. कान्हू गौरी-गणपतीला आला होता, तेव्हा त्याने मला सगळं समजावून सांगितलं आहे, आणि तेही माझ्या नुकत्याच सारवलेल्या अंगणात. तुमच्या कॉलेजातल्या मुलाला फळा लागतो, खडू लागतो, आणि ते नसलं की काकीचं अंगण लागतं. त्याने गोठ्याच्या उंचवट्यावर तांबड्या मातीचा ढीग केला, हंडाभर पाणी वरून ओतलं (विहिरीवरून मी आणलेलं), आणि म्हणाला, काकी, ही नदी. पाणी उतारावरून माती घेऊन धावलं. सपाटीला आलं तसं दमलं, आणि हातातली माती खाली टाकत सुटलं. टाकलेल्या मातीनेच त्याची वाट अडली, मग ते डावीकडून गेलं, तिथेही अडलं, मग उजवीकडून. बघता बघता तुळशीपासून पायरीपर्यंत चिखलाचा पंखा पसरला. हा त्रिभुज प्रदेश, कान्हू म्हणाला. मी म्हटलं, हे पुन्हा सारवणार कोण?

पण पोराने सांगितलं ते मनात बसलं. म्हणाला, काकी, अशा प्रदेशाच्या तीन जाती. एकीत नदीचं राज्य. ती माती आणतच राहते, आणि समुद्राला ती ढकलता येत नाही, म्हणून जमिनीची लांब लांब बोटं पाण्यात जातात, पक्ष्याच्या पावलासारखी. (तेवढ्यात आमची कोंबडी चिखलातून चालत गेली आणि ही जात आम्हांला जागेवर मिळाली.) दुसरीत लाटांचं राज्य. नदी काही का आणेना, लाटा ते दोन्ही बाजूंना पसरून कड गुळगुळीत करतात, धनुष्यासारखी. तिसरीत भरती-ओहोटीचं राज्य. पाणी आत येतं, बाहेर जातं, आणि गाळाची सरळ लांबट बेटं करून ठेवतं.

मला तर हे आपलंच घर वाटलं. नदी म्हणजे तुम्ही. बोलायला लागलात की एका गोष्टीतून दुसरी, दुसरीतून तिसरी, बोटं फुटतच जातात, आणि मूळ गोष्टीची वाट तुमच्याच गाळाने बुजते. लाटा म्हणजे रंभा. तुम्ही बाहेर टाकलेलं सगळं ती मुकाट्याने सारखं करते, कड नीट लावते आणि पाहुण्यांना काही कळू देत नाही. आणि भरती-ओहोटी म्हणजे मी. आत येते, बाहेर जाते, आणि जो डबा जिथे ठेवला तो तिथे राहू देत नाही. (हे शेवटचं वाक्य सरूने फार ठळक लिहिलंय असं मला वाटतं. वाचता येत नसलं तरी हात किती जोरात चालला ते दिसतं.)

मग कान्हूने खाडीच्या तोंडाशी ओहोटीला दिसणारा तो चिखलाचा पट्टा दाखवला आणि म्हणाला, बघा, सुरुवात झाली. आता भावजी, खरं सांगायचं तर मला हाव सुटली. आयती जमीन मिळत असेल तर मी कशाला नाही म्हणू? उन्हातान्हात आयुष्यभर बांध घातला. शेवटी समुद्रच म्हणत असेल की गोदूबाई, तुम्ही बसा, मी मागे होतो, तर त्याला नको म्हणणं बरं नव्हे. पण मी अशी ऐकीव गोष्ट मानणाऱ्यांतली नाही. मी एक बांबू घेतला, त्याला जुन्या लुगड्याचा लाल काठ बांधला, आणि ओहोटीला चिखलात जाऊन बरोबर पाण्याच्या कडेला रोवून आले. जमीन वाढली तर बांबू पाण्यापासून लांब दिसेल. इतकी साधी परीक्षा तुमच्या कॉलेजातसुद्धा होत नसेल.

आणि काय सांगू, पुढच्या ओहोटीला बांबू कडेपासून हातभर आत! त्याच्या पुढच्या वेळी आणखी आत! मी रोज बांधावर उभी राहून बघायची आणि मनातल्या मनात वाटण्या करायची. इकडचा तुकडा विठूला, तिकडचा तुम्हांला (जरा खाचखळग्यांचा, पण तुम्ही कुठे येता बघायला), मधे वालाचं वावर. गुणाजीला निरोपही धाडला की यंदा जोळीला आमचं माणूस नाही आलं तर राग मानू नको, आम्ही आता त्रिभुजवाले. गुणाजीने उलटा निरोप धाडला तो सरू लिहीत नाही.

पितृपक्षात एका दुपारी मी नव्या जमिनीवर पाय ठेवायला निघाले. मुहूर्ताला म्हणून ओटीत मूठभर वाल घेतले होते. बांबूपर्यंत पोचले, वाल टाकले, आणि मागे फिरायला जाते तर पाय निघेना. एक ओढला की दुसरा आत. गुडघ्यापर्यंत गेले. नवी जमीन माझी व्हायच्या आधी मी तिची झाले. तेवढ्यात भरती फिरली. ओरडले तर बांधावरून एक म्हैस बघत राहिली, दुसरं कुणी नाही. शेवटी जाळं बघायला आलेला केरू होडी घेऊन पोचला. काखेत हात घालून त्याने मला ओढून काढलं आणि होडीत बोंबलांच्या टोपलीशेजारी बसवलं, आणि म्हणाला, "आजे, हितं काय पेराया आलीस?"

मी म्हटलं, हसू नको मेल्या, जमीन वाढतेय, माझा बांबू बघ किती आत आला. तर तो आणखी हसायला लागला, इतका की होडी डुलायला लागली. म्हणाला, "आजे, तुजा बांबू माज्या जाल्याला आरवा येत व्हता. म्हनून मीच दर खेपंला वाईच अलिकरं लावला. तुजं पाय भिजाया नको."

म्हणजे तुमच्या कान्हूचा त्रिभुज प्रदेश केरूच्या भलेपणाने वाढत होता. मी घरी आले, आंघोळ केली, आणि गुणाजीला दुसरा निरोप धाडला: विठू येतोय, मीही येतेय. तो म्हणाला, म्हातारीचं काय काम? मी म्हटलं, घमेली पुढे द्यायला गुडघा लागत नाही, हात लागतात. माझं ठरलं आहे. अमावास्येला पाणी आलं तर त्याला बांध दिसेल, आणि बांधावर मी दिसेन. त्या दोहोंतलं एक तरी त्याला परत पाठवेल.

तुम्ही मात्र यायचं. आता रोह्याहून पेणपर्यंत रेल्वे झाली आहे, तेव्हा एस.टी. चुकली हे कारण चालणार नाही. पेणला उतरलात की विठू सायकल घेऊन येईल. रंभाला नमस्कार, तुळशीला जास्त काढा देऊ नका.

तुमची वहिनी
गोदूबाई (अंगठा लावला आहे, डाग शाईचा आहे, चिखलाचा नाही)

ता. क. तुमचा खोकला खरंच बरा नसेल तर तुम्ही येऊ नका. कान्हूला पाठवा. मुळात मला तोच हवा आहे. खांडीत सगळ्यांच्या पुढे त्याला उभं करायचं ठरलंय. गाळ कसा साचतो ते त्याने मला सांगितलं, हाताने कसा साचवतात ते मी त्याला सांगेन. घड्याळ घरी ठेवून यायला सांगा.

आणखी एक. गुणाजीला मी सांगून टाकलंय की कान्हूने स्वतःहून शब्द दिला आहे. आता तो आला नाही तर खोटी मी नाही पडणार, तुमचं घर खोटं पडेल.

सरू पाकीट चिकटवत होती, तिला थांबवलंय. काल ओहोटीला मी पुन्हा तिकडे गेले होते, होडीत बसून. ज्या जागी गुडघ्यापर्यंत रुतले होते तिथे केरूने वल्हं टेकवलं, तर घोटाभरच आत गेलं. कडेला तिवराचं एक रोपही आलंय, आणि तिवर गाळ घट्ट बसल्याशिवाय मूळ धरत नाही. ते केरूने लावलेलं नाही, मी विचारून घेतलं. तेव्हा पोराचं अगदीच चूक नसावं. पण नदीला सवड आहे, भाताला नाही. कान्हूला यातलं काही बोलू नका. रविवारची जोळ झाली, खांड बुजली, की मी स्वतः त्याला होडीतून नेऊन ते रोप दाखवीन. आधी कळलं तर तो पुस्तक उघडून घरी बसेल.