डाव्या हाताचा कीबोर्ड

सातपूर, नाशिक

प्रिय नवनाथ,

तू फोन उचलत नाहीस, म्हणून भारतदादांच्या पत्त्यावर हे पत्र टाकतेय. जाऊबाईंचा फोन आला होता. इगतपुरीला आवणी सुरू झालीय आणि तू एका हाताने भाताची रोपं लावतोस, दिवसभर कुणाशी बोलत नाहीस, असं सांगत होत्या. मला ऐकवेना. आरोही बरी आहे. बाबा कधी येणार, हे विचारायचं तिने सोडून दिलंय.

कारखान्यात पत्रा दाबायच्या प्रेसमध्ये तुझा उजवा पंजा गेला, तेव्हा शेठ म्हणाले होते, "वायरकटवर बस, बसून करायचं काम आहे." केवढा आनंद झाला होता आपल्याला! पण त्या धातू कापणाऱ्या मशीनचा कॉम्प्युटर बाबा आदमच्या काळातला. त्यावर दोन टोकांची दोन बटणं एकदम दाबावी लागायची आणि मागे कीबोर्डसाठी फक्त ते जुनं गोल पिनचं तोंड. बाजारातलं नवं काही त्याला लागेना. मग आयटीआयमध्ये शिकलेलं सगळं आठवत मी छोट्या बोर्डवर तुझ्या डाव्या हातापुरता कीबोर्ड बांधला. पंजा कागदावर ठेवायला लावून त्याभोवती मी पेन्सिल फिरवली, तेव्हा अपघातानंतर पहिल्यांदा तू हसला होतास.

पहिल्या दिवशी कारखान्यात तो चाललाच नाही. पडद्यावर आलं, कीबोर्ड सापडत नाही. सगळे बघत होते. मागून कुणीतरी म्हणालं, "घरी बनवलेलं असंच असायचं." तू मान खाली घालून बसलास. घरी आल्यावर भंगारातून आणलेल्या तसल्याच कॉम्प्युटरला जोडून मी पुन्हा पुन्हा बघितलं. कॉम्प्युटर चालू होताच विचारतो, कीबोर्ड आहे का? आणि माझा बोर्ड तोवर जागाच झालेला नसायचा. तो उत्तर द्यायचा तेव्हा विचारणारा पुढे गेलेला असायचा. माझ्या बोर्डच्या प्रोग्रॅममध्ये सुरुवातीला थोडं थांबायला सांगितलं होतं, ती वेळ काढून टाकली आणि पडद्यावर तुझ्या बोटाखालचं अक्षर उमटलं. तू आरोहीचं नाव टाइप केलं होतंस.

तो हिवाळा आपला चांगला गेला रे. अंगाला ऑइलचा वास घेऊन घरी यायचास, जेवताना मशीनबद्दल बोलत राहायचास. मला वाटलं, सुटलो यातून. मग ती जुनी वायरकट भंगारात गेली. नव्या मशीनचा कीबोर्ड मशीनमध्येच बसवलेला, बाहेरून काही जोडायची सोयच नाही. शेठ तुला म्हणाले, "आता तुझ्यासाठी काम नाही." तो कीबोर्ड पिशवीत घालून तू घरी आणलास, ओट्यावर ठेवलास आणि दुसऱ्या दिवशी भारतदादांकडे निघून गेलास. मी अडवलं नाही. काय सांगून अडवणार होते?

परवा शेठ घरी आले. मला वाटलं, तुलाच बोलवायला आलेत. मी घाईने चहा टाकला. ते म्हणाले, "वहिनी, तो कीबोर्ड तुम्ही बनवला होता ना? नव्या मशीनवर तुम्ही या. तुम्हाला शिकायला वेळ लागणार नाही." मी विचारलं, "आणि हे?" त्यांनी कप उचलला आणि चहा संपेपर्यंत खाली ठेवला नाही. नवनाथ, मी हो म्हटलं. दार लावून खूप रडले, पण हो म्हटलं. सोमवारपासून तुझ्याच शेडमध्ये, जिथे तुझी वायरकट होती तिथेच उभी राहीन. तिथलं कुणीतरी तुला हसत हसत सांगेल, त्याआधी माझ्याकडून कळावं म्हणून हे लिहिलं. ये म्हणायची हिंमत होत नाही. तू आलास तर रोज सकाळी मी कामावर न्यायचा डबा भरताना बघत बसशील, हेही मला बघवणार नाही. तुझं लॉकर मला दिलंय. आत तुझा निळा शर्ट अजून टांगलेला आहे, असं शेठ म्हणाले. तो घरी आणू, की तिथेच राहू देऊ, एवढं तरी कळव.

अजूनही तुझीच म्हणवून घेणारी,
मनीषा