जपानी बाईंचा रविवार

आण्णा, गेल्या रविवारी जपानी बाई तुमच्या वाचनालयात येऊन गेल्या. तुम्ही त्यांना बोलावलंत त्याला बारा वर्षं झाली आणि तुम्हाला जाऊन अकरा. हा उशीर त्यांच्यामुळे झाला नाही, माझ्यामुळे झाला. ते एकदा तुम्हाला सांगावं म्हणून लिहायला बसले आहे. हे पत्र कुठं टाकायचं नाही, हे ठाऊक असूनही.

माधवनगरचं ते दोन खोल्यांचं वाचनालय तुम्ही तीस वर्षं सांभाळलंत. यंत्रमागावरची माणसं पेपर चाळायला यायची आणि रविवारी चारच्या सुमाराला तुम्ही त्यांना थांबवून घ्यायचात. विषय एकच, देश एकमेकांच्या साथीनं काय काय करतात. इथं तिकीट लावलेलं पत्र परक्या देशातला पोस्टमन का पोचवतो. एकमेकांवर तोफा रोखून बसलेल्या देशांनी देवीची लस मात्र मिळून कशी पुरवली. कुणीतरी हसून म्हणायचं, "आवं आण्णा, आमाला गल्लीत नळाचं पानी वाटून घ्यायला जमंना, आन् तुमी देशांचं सांगताय." तुम्ही म्हणायचात, "म्हणूनच सांगतोय."

हे वेड तुम्हाला कोयनानगरला लागलं. आजोबा धरणावर कारकून होते. भूकंपात तुमचं घर पडलं, आणि पुढं वसाहतीच्या वाचनालयात तुम्ही वाचलंत की आपला हादरा दूरदूरच्या देशांतल्या यंत्रांनी टिपला होता आणि त्यांनी तो एकमेकांना कळवलाही होता. "आपलं घर पडलं हे ज्यांनी आपल्याला कधी पाहिलं नाही त्यांनी लिहून ठेवलं," असं तुम्ही दरवेळी सांगायचात.

मी पाचगणीच्या शाळेत भूगोल शिकवायला लागले होते. सुट्टीत घरी आले तेव्हा सहज बोलून गेले की आमच्याकडे विज्ञानाला एक जपानी बाई आल्यात. ते अजून दिसतं: दिवस मावळायच्या आत तुमचं जेवण चाललेलं आहे, आई तव्यावरची भाकरी उलटते आहे, आणि तुमचा घास हातातच राहिला आहे. "त्यांना आणशील? तिकडं शाळेतली मुलं भूकंपाला कशी तयार असतात ते सांगतील. मी पुस्तकातलं सांगतो गं, त्या पाहिलेलं सांगतील." मग दोन दिवस शब्दकोश पुढ्यात घेऊन तुम्ही त्यांना इंग्रजीत पत्र लिहिलंत, घडी घालून माझ्या हातात दिलंत.

ते मी सातारा स्टँडवर गाडी बदलताना उघडून वाचलं. सुरुवातीला 'रिस्पेक्टेड मॅडम', आणि पुढं ओळीओळीत चुका. वाचनालयाचा गळका पत्रा माझ्या डोळ्यांसमोर आला, त्याखाली ठेवलेली बादली आली, तंबाखू मळत बसलेली माणसं आली. तिथल्या बाकावर बाईंना बसवायची मला लाज वाटली. पत्र मी कपाटात, उत्तरपत्रिकांच्या खाली ठेवून दिलं आणि पंधरा दिवसांनी फोनवर तुम्हाला सांगितलं, "त्यांना वेळ नाही म्हणाल्या." मी त्यांना विचारलंच नव्हतं. तुम्ही मात्र वाचनालयाच्या फळ्यावर बाईंच्या सभेची तारीख लिहून मोकळे झाला होतात.

"बरं," तुम्ही म्हणालात. "त्यांना नाही जमत, ठीक आहे. पण तू का येत नाहीस? तूही भूगोलच शिकवतेस की." मी पेपर तपासायचं निमित्त सांगितलं. तेही खरं नव्हतं.

पुढच्या पावसाळ्यात तुम्ही गेलात. वाचनालयात शोकसभा झाली. ती संपल्यावर यंत्रमागावरचे एक काका माझ्याजवळ आले. "ताई, त्या दिशी लय मानसं आलती. बायका बी. आण्णा म्हनले, बाईंस्नी ताप आलाय. मग त्यांनीच नकाशा लावून सगळं सांगितलं. कुनी बी उठलं न्हाई." पेपरातली छपाईची चूक दिसली तरी पेन्सिलीनं दुरुस्त करणारे तुम्ही. बाईंना वेळ नाही हे लोकांना कसं सांगायचं, म्हणून तापाचं खोटं बोललात? की पत्र पोचलंच नाही हे तुम्हाला कळलं होतं? हे विचारायला आता कुणी नाही.

यंदा बाई निवृत्त होऊन मायदेशी निघाल्या आहेत. मी तुमचं पत्र नेऊन त्यांच्या हातात दिलं आणि काय घडलं ते सांगितलं. त्यांनी उभ्यानंच दोनदा वाचलं. इंग्रजीबद्दल एक शब्द काढला नाही. "हे पत्र माझं होतं," एवढंच म्हणाल्या. मग विचारलं, "ती रविवारची सभा अजून भरते?"

भरत नाही, आण्णा. आता तिथं स्पर्धा परीक्षेची मुलंमुली अभ्यासाला बसतात आणि रविवारी कुलूप असतं. नव्या ग्रंथपालांनी माझ्या विनंतीवरून उघडलं. पंधराएक माणसं आली. बाई बोलत होत्या, मी मराठीत सांगत होते. त्यांच्या लहानपणी गावात भूकंप झाला तेव्हा ढिगारे उपसायला परदेशी माणसं आली होती. त्यांतल्या एकाला त्यांची आई रोज भात वाढायची, दोघांना एकमेकांच्या भाषेतलं अक्षरही कळत नव्हतं. अभ्यासातून उठून आलेल्या एका मुलीनं विचारलं, "देशांचं भांडण झालं तर हे असं मदतीला येणं थांबतं का?" बाई म्हणाल्या, "कधी कधी थांबतं. मग कुणीतरी ते पुन्हा सुरू करतं." तुम्ही असतात तर त्या मुलीला पुढं बोलावून बसवलं असतंत.

शेवटी ते काका काठी टेकत उठले. ऐंशीच्या पुढं गेलेत आता. "बाई, तवा तुमाला ताप आलता. आता बरं हाय न्हवं?"

बाईंनी माझ्याकडे पाहिलं. सगळं सांगून टाकायची ती वेळ होती. माणसं तुमचीच होती, रागावली असती तरी माझ्यावरच. मी बाईंना इंग्रजीत म्हटलं, इथं आवडलं का असं विचारतायत. त्या हसून हो म्हणाल्या. मी काकांकडे वळले आणि म्हणाले, "होय काका, आता बऱ्या आहेत." काका समाधानानं खाली बसले.

तुमचा शब्द राखला, असं परतीच्या वाटेवर मी स्वतःला सांगत होते. ते खरं नाही, आण्णा. राखली ती माझीच लाज.