चार ऑस्कर आणि जोरदार धार

३ जानेवारी २०११. सकाळी ७.
उषा इंदूरला लेकीकडे, रेणूकडे गेली त्याला दोन महिने झाले. जाताना म्हणाली, तुमच्या टाकीच्या घरघरीने माझं डोकं उठतं. गमतीने म्हणाली. टाकी अशी चकाचक करतो की परत आल्यावर बघतच राहील! माशांची सहा फुटी टाकी, आत चार ऑस्कर मासे. डाव्या कोपऱ्यात घाण साचते, कारण प्रवाह कमी. कारखान्यात एकतीस वर्षं टर्बाइन बनवल्या, ही टाकी किस झाड की पत्ती.

५ जानेवारी.
सोनागिरी बाजारातून दुसरा पंप आणला. दुकानदार म्हणाला, साहब, ऑस्कर को ठहरा पानी भाता है, एक ही बहुत है. त्याला पाऊण तास हायड्रॉलिक्स समजावलं. मध्येच तो जेवायला गेला.

९ जानेवारी.
पंप समोरासमोर लावले. मासे दगडामागे. सवय नाही अजून. उषाचा फोन आला, घरघरीत काहीच ऐकू येईना. नंतर करतो म्हणालो. राहिलं.

१४ जानेवारी. संक्रांत.
शेजारच्या शोभावहिनी तिळगूळ देऊन गेल्या. उषाताई कधी येणार, असं विचारलं. पुढच्या आठवड्यात म्हणालो. मागच्या आठवड्यातही हेच म्हणालो होतो. तिसरा पंप बसवला. स्वयंपाकाला वेळ मिळाला नाही, तिळगुळावरच भागवलं.

१९ जानेवारी.
धाकटा ऑस्कर फिल्टरच्या जाळीला चिकटलेला सापडला. सोडवला. आळशी आहे. घाण आता उजव्या कोपऱ्यात साचते. ही प्रगतीच म्हणायची.

२२ जानेवारी. दुपारी ३.
कारखान्याच्या टाउनशिपमध्ये लाइट जात नाही, आज मेंटेनन्ससाठी दोन तास गेली. तिन्ही पंप बंद. पाच मिनिटांत चारही मासे बाहेर आले, टाकीच्या मधोमध. धाकटा काचेशी येऊन माझ्याकडे बघत राहिला. दोन आठवडे मी त्यांना नुसतं झोडपत होतो. वाईट वाटलं.

लगेच उषाला फोन लावला. सगळं स्वच्छ ऐकू येत होतं. म्हणालो, चुकलं माझं, पंप काढून टाकतो, ये आता. ती म्हणाली, अहो, पंपाचं काय घेऊन बसलात? टाकी नव्हती तेव्हा तरी माझ्याशी कुठे बोलत होतात? इथे रेणू बोलते माझ्याशी. मग विचारलं, जेवलात का. हो म्हणालो. जेवलो नव्हतो.

२३ जानेवारी. संध्याकाळी.
दोन पंप काढले, जुना एकच ठेवला, तोही बारीक. मासे मजेत आहेत. दुकानदाराचं खरं होतं. त्याला सांगणार नाही.

घर फार शांत झालंय. स्वयंपाकघरातला नळ थेंब थेंब गळतो, तोही ऐकू येतो. हे सहन होत नाही.

२४ जानेवारी. संध्याकाळी.
काढलेले दोन्ही पंप बादलीत पाणी भरून हॉलमध्ये चालू केले. पंप पडून राहिले की खराब होतात म्हणून. बादलीशेजारी बसून खिचडी खाल्ली, बरं वाटलं. बटण हाताशी ठेवलंय. फोन वाजला तर लगेच बंद करता येईल.