वीजबिलावरचे परसरामजी

उल्हासनगर, कॅम्प नंबर चार
रविवार, सकाळी नऊ वाजून दहा मिनिटे

तीर्थरूप रामभाऊ दाजी आणि गंगूआक्का यांना भगवंताचा वाकून नमस्कार (आक्काला दोनदा, कारण मागच्या भेटीत गाडीच्या घाईत तिचा राहून गेला होता).

आक्काचा गुडघा आता कसा आहे? उजवा की डावा हे आमच्या लेकीला, चैत्रालीला, नक्की सांगता आलं नाही, म्हणून दोन्हींची चौकशी करतो. तुम्ही तिच्याबरोबर पाठवलेली जांभळं पोचली. कुळगावच्या तुमच्या दारातल्या झाडाचीच, हे मी बीवरून ओळखलं. (आक्काची भावजय माया म्हणते, पिशवीवर आक्कानं तसं लिहिलंच होतं. पण मी बी आधी पाहिली, पिशवी नंतर.) तुम्हा दोघांचे आभार. या पत्रात आभार पुष्कळ येणार आहेत. कंटाळू नका.

दाजी, चैत्रालीच्या साखरपुड्यात तुम्ही चारचौघांत विचारलं होतं, "भगवंता, वह्या भरून तुला मिळतं काय रे?" पंगत हसली होती. मीही हसलो होतो, कारण तोंडात जिलेबी होती. त्या प्रश्नाचं उत्तर परवा पोस्टानं आलं. पुण्याच्या स्थलांतर इतिहास अभ्यास मंडळानं, विद्यापीठाबाहेर राहून काम करणाऱ्यांसाठी असलेली यंदाची अभ्यासवृत्ती मला दिली आहे. अख्ख्या राज्यातून एकालाच देतात. सोबत मानपत्र. मानपत्रात माझ्या नावापुढे 'संशोधक' लिहिलं आहे आणि तो शब्द शाईत आहे, पेन्सिलीत नाही.

आता हे कसं घडलं ते क्रमानं सांगतो, कारण चैत्राली तिकडे अर्धवट सांगेल. तुम्हाला ठाऊकच आहे की बावीस वर्षं मी या कॅम्पातल्या बराकींमध्ये विजेच्या मीटरचं रीडिंग घेत फिरलो. रीडिंग घ्यायला दीड मिनिट लागतं, पण दार उघडायला चार मिनिटं. तेवढ्या वेळात माणसानं करायचं काय? मी विचारायचो, आप लोग किधर के? कोणी शिकारपूर म्हणे, कोणी लारकाना, कोणी सक्कर. मी घरी येऊन वहीत उतरवायचो. बराक, खोली, सिंधमधलं गाव, फाळणीत कराचीहून बोटीनं आले की रेल्वेनं. अशी चारशे बारा कुटुंबं झाली. शिक्षण माझं दहावी, पुढचं स्वतःचं स्वतः. पण कोणत्याही पदवीधरानं माझ्या वहीत एक खोली नंबर चुकलेला दाखवावा.

अर्ज चैत्रालीनं कॉम्प्युटरवर भरला (पोरीचे आभार, तिच्या बोटांचे विशेष). त्यात प्रश्न फार बारीक. 'संलग्न संस्था' या रकान्यात मी 'घर' लिहायला सांगितलं. 'संशोधकाचे स्वतःचे स्थलांतराशी नाते' असा एक रकाना होता, तिथे 'नाही' लिहायला सांगितलं. आपण इथलेच. आणि विषय दिला, 'कॅम्प चारमधील हयात मूळ निर्वासित'. सोबत नव्वदीच्या पुढच्या त्रेसष्ट हयात व्यक्तींची यादी जोडली. सर्वांत ज्येष्ठ परसराम तोलानी, मूळ गाव शिकारपूर, वय वर्षे एकशे तेरा. इतक्या दीर्घायुष्याचं कारण बहुधा त्यांची पालक-डाळीची साईभाजी असावी, अशी तळटीपही दिली.

मंडळाचं पत्र आठव्या दिवशी आलं. यादी वाचून आम्ही थक्क झालो आहोत, दोन परीक्षक येत्या शनिवारी कॅम्पात येतील, परसरामजींसह निदान तिघांची भेट घडवावी, त्यावरच निर्णय होईल. मला काय, आनंदच. मी संध्याकाळी परसरामजींच्या खोलीवर गेलो. त्यांचा नातू चंदर, पापडाचं दुकान असलेला, बाहेरच बसला होता. म्हटलं, शनिवारी दादाजींना जरा चांगला सदरा घाला, पुण्याहून मोठी माणसं येतायत.

चंदर म्हणाला, "दादाजी तो इकहत्तर में निकल गए।"

"किधर?" मी वही काढत विचारलं. पुन्हा स्थलांतर म्हणजे नवीन नोंद.

"ऊपर, भाऊ।"

दाजी, माझ्या हातून पेन पडलं. (निळं, साखरपुड्यात तुम्ही दिलेलं. टोक शाबूत आहे.) चूक कुठे झाली ते लगेच लक्षात आलं. आमच्या धंद्यात बिलावर ज्याचं नाव तो ग्राहक, आणि बिल भरलं जातंय तोवर ग्राहक जिवंत. बावीस वर्षं मी त्या दारात उभं राहून "परसरामजी, मीटर!" अशी हाक दिली आणि बावीस वर्षं आतून "हां, आओ" असं उत्तर आलं. मी यादी बिलांवरून केली. मी चंदरला विचारलं, अरे, मग इतकी वर्षं मी कोणाला हाक मारत होतो? तुम्ही एकदा तरी बोलायचं! तो म्हणाला, "हमको लगा आप इज्जत से बुलाते हो। मम्मी को तो अच्छा लगता था।"

पुढच्या दोन दिवसांत मी उरलेली बासष्ट दारं फिरलो. हयात निघाले दोन. त्यातले एक अंबरनाथला मुलीकडे गेलेले, दुसऱ्या आजी मला ओळखून म्हणाल्या की तुझा तो मीटर जोरात पळतो. मायानं घरी सगळं ऐकून घेतलं आणि भाकरी थापता थापता म्हणाली, "एकसष्ट मेलेल्या माणसांना साईभाजी खाऊ घालणारा संशोधक मी पहिल्यांदाच बघतेय." मी जेवलो नाही. म्हणजे दीडच भाकरी खाल्ली.

चंदरनं मात्र साथ सोडली नाही. त्यानं उपाय काढला, शेजारचे भूपेश अंकल अडुसष्टचे आहेत पण दिसतात शंभरचे, त्यांना खाटेवर झोपवू. भूपेश अंकल तयारच होते. चहा वेळेवर मिळावा आणि चादर धुतलेली असावी, एवढंच त्यांचं म्हणणं. शुक्रवारी त्यांनी खोकून दाखवलं, आणि खोकला खरंच वयस्कर होता. खोटं कशाला सांगू दाजी, अर्धा तास माझं मन डगमगलं. बावीस वर्षांची वही एकीकडे आणि एक खोकला एकीकडे. पण भूपेश अंकलचा जन्म इथला, बराकीतला. ते शिकारपूरचा बाजार कसा सांगणार? आणि त्यांनी सांगितला असता, तर मला तो वहीत लिहावा लागला असता. खोटी नोंद त्या वहीत नाही. नको म्हटलं. अंकल नाराज झाले. त्यांना चहा पाजला.

शनिवारी परीक्षक आले. एक सुरुचीबाई, प्राध्यापक, आणि दुसरे एक गृहस्थ, जे शेवटपर्यंत बॅगच सांभाळत होते. परसरामजींच्या दारात, चपला काढायच्या आधी, मी सगळं सांगून टाकलं, साईभाजीसकट. मॅडम, यादीतले एकसष्ट वारले आहेत, चूक माझी आहे, गावं आणि खोल्या मात्र बरोबर आहेत. बाईंनी चंदरला विचारलं की, पन्नास वर्षांवर झाली, बिलावरचं नाव बदललं का नाही?

चंदर आत गेला आणि बिल घेऊन आला. म्हणाला, दादाजींचं निर्वासिताचं कार्ड वाळवीनं खाल्लं, रेशनकार्ड पुरात गेलं, फोटो कधी काढलाच नव्हता. सरकारी कागदावर त्यांचं नाव आता एवढंच उरलंय. दर महिन्याला येतं. "चेंज करेंगे तो दादाजी का नाम घर में कहां से आएगा?"

मला हे माहीत नव्हतं, दाजी. बावीस वर्षं आकडे उतरवले आणि हे विचारायचं राहिलं. बाई खाली चटईवर बसल्या. नंतर आम्ही आणखी तीन घरी गेलो, तिन्हीकडे तेच उत्तर निघालं. निघताना बाई म्हणाल्या, भोसलेसाहेब (हो, साहेब), तुमचा विषय चुकलाय, यादी चुकलेली नाही. नव्या विषयाचं नाव 'वीजबिलावरची नावं'. अभ्यासवृत्ती त्यावर मिळाली आहे. म्हणून मी बाईंचा ऋणी आहे, चंदरचा ऋणी आहे, त्याच्या आईचा, भूपेश अंकलच्या खोकल्याचा, आणि साखरपुड्यात हसलेल्या तुमचाही. तुम्ही हसला नसतात तर मी अर्जच केला नसता.

आक्काला सांगा, मानपत्राला चौकट सागवानी केली आहे.

तुमचा,
भगवंत

ता. क. मंडळाला माझ्या पत्त्याचा पुरावा हवा आहे, लाइटबिल चालेल म्हणतात. काल कपाटातून आमचं बिल काढलं. त्यावर नाव बाबांचं आहे, जनू धोंडू भोसले. बाबांना जाऊन एकोणीस वर्षं झाली. आमच्या मीटरचं रीडिंगही इतकी वर्षं मीच घेत होतो. नाव बदलायला सगळ्या वारसांची संमती लागते, म्हणून सोबत कागद जोडला आहे. पेन्सिलीनं फुली केली आहे तिथे आक्काची सही घेऊन परवापर्यंत पाठवा. खरं सांगायचं तर पत्र त्यासाठीच लिहायला घेतलं होतं.

ता. क. दुसरा. आता चैत्राली फोनवर म्हणाली की आधारकार्डही चालतं. तेव्हा आक्काची सही नको. कागद फाडून टाका. बिल आहे तसंच येऊ दे.

ता. क. तिसरा. वहीत चारशे तेरावी ओळ आजच आखली. बराक आणि खोली लिहून झाली, नावही लिहिलं. गावाचा रकाना रिकामा आहे. बाबा घाटावरून आले, एवढंच मला माहीत आहे. चारशे बारा दारांत विचारलं आणि बाबांना कधी विचारलं नाही. आक्का माझ्याहून नऊ वर्षांनी मोठी, तिला गावाचं नाव आठवत असेल. गुडघा दुखत नसेल अशा वेळी तिला विचारा, आणि ती सांगेल तसंच्या तसं लिहून पाठवा. अर्जातल्या 'स्थलांतराशी नाते' या रकान्यातलं ते 'नाही' मला शाईनं खोडायचं आहे.